कोपऱ्यावरून येणारा वारा

वास्तुशास्त्र शिकणाऱ्या मुलामुलींना पदवी मिळण्यापूर्वी काही महिने एखाद्या वास्तुविशारदाच्या कार्यालयात प्रत्यक्ष काम करावे लागते, हे तुमच्यापैकी काहींना ठाऊक असेल. माझा एक जुना विद्यार्थी सध्या मुंबईत अशीच उमेदवारी करीत आहे. बारावीला तो माझ्या वर्गात होता. दिवाळीत फराळाला आला तेव्हा मी मोठ्या उत्सुकतेने विचारले, "काय रे, चाळीस मजली इमारतीचे काम चालले आहे म्हणे तुमच्याकडे! तुला काय दिले आहे करायला?"

"दारं मोजतोय सर!" तो म्हणाला.

प्रत्येक मजल्यावर किती दरवाजे, त्यांची मापे काय, कोणता आत उघडतो आणि कोणता बाहेर, याचा तक्ता करण्यात त्याचे पहिले तीन आठवडे गेले होते. मात्र बैठकींना त्याला मागच्या खुर्चीवर बसू देत. अशाच एका बैठकीत इमारतीच्या सांगाड्याचे गणित करणाऱ्या अभियंत्यांनी एक आकृती दाखवली. मधोमध इमारतीचा चौरस आणि वारा दाखवणारे बाण. सगळे बाण भिंतींवर काटकोनात येऊन आदळणारे.

"मला वाटलं, वारा कोपऱ्यावरून आला तर?" चकलीचा तुकडा मोडत तो म्हणाला. "पण विचारलं नाही. तिथं वीस-वीस वर्षं काम केलेली माणसं होती. म्हटलं, दारं मोजणाऱ्यानं काय बोलायचं!"

मी त्याला जी हकीकत सांगितली तीच आता तुम्हाला सांगतो. पण त्याआधी वारा किती जोराने ढकलतो ते पाहू.

वाहती हवा भिंतीवर आदळून अडली की तिचा संवेग नाहीसा होतो आणि भिंतीवर दाब पडतो. हा दाब हवेच्या घनतेच्या निम्मा गुणिले वेगाचा वर्ग इतका असतो. हवेची घनता दर घनमीटरला सुमारे १.२ किलोग्रॅम, तिचा निम्मा ०.६. म्हणजे वेगाचा वर्ग करून ०.६ ने गुणले की दर चौरस मीटरवरचा दाब न्यूटनमध्ये मिळाला. इमारतींसाठीच्या भारतीय मानकात मुंबईसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर धरला आहे आणि पुण्यासाठी ३९ मीटर. मुंबईचा आकडा घेऊन गणित करा. दाब ११६० न्यूटनांच्या आसपास येईल. सुमारे ११८ किलोग्रॅम वजनाइतका हा रेटा, आणि तोही फक्त एका चौरस मीटरवर! साध्या दाराएवढ्या जागेवर तीन-चार माणसे रेलून उभी आहेत असे समजा, आणि मग चाळीस मजल्यांच्या भिंतीचा विचार करा. वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो हेही ध्यानात ठेवा. वादळाची खरी भीती या वर्गातच आहे.

आता हकीकत. अमेरिकेत न्यूयॉर्क शहरात लेक्झिंग्टन रस्त्यावर एका बँकेची ५९ मजली, २७९ मीटर उंच इमारत १९७७ साली पुरी झाली. सिटीकॉर्प सेंटर हे तिचे तेव्हाचे नाव. वास्तुविशारद होते ह्यू स्टबिन्स आणि सांगाड्याचे अभियंते विल्यम लमेझर. ज्या जागेवर ती उभी राहायची होती तिच्या एका कोपऱ्यात चर्च होते. चर्चने जागा दिली, पण त्याच कोपऱ्यात आम्हाला नवे चर्च बांधून द्या आणि त्याचा तुमच्या इमारतीशी संबंध नको, अशी अट घातली. कोपऱ्यात चर्च, तर मग तिथे इमारतीचा खांब कसा येणार?

लमेझर यांनी युक्ती काढली. चौरंगाचे पाय कोपऱ्यांत असतात, तसे न करता त्यांनी चार अजस्र खांब चारही बाजूंच्या मधोमध उभे केले. खांब नऊ मजल्यांइतके उंच, त्यांच्यावर इमारत, आणि तिचे चारही कोपरे अधांतरी. त्यातल्या एका अधांतरी कोपऱ्याखाली चर्च! वरचे वजन आणि वाऱ्याचा रेटा या खांबांपर्यंत आणण्यासाठी प्रत्येक बाजूला आठ-आठ मजल्यांच्या उंचीचे, इंग्रजी व्ही अक्षरासारखे पोलादी तिरपे आधार बसवले. व्हीची दोन टोके वर कोपऱ्यांकडे आणि खालचे टोक मधल्या खांबावर. आठ मजल्यांच्या एका टप्प्यात चार बाजूंचे मिळून असे आठ तिरपे आधार होतात. शिवाय इमारतीचे डोलणे कमी करण्यासाठी अगदी वर ४०० टनांचा काँक्रीटचा ठोकळा तेलाच्या थरावर तरंगत ठेवला होता. इमारत एका बाजूला झुकू लागली की जडत्वामुळे हा ठोकळा मागे राहतो आणि तिला आवरतो. कल्पना मोठी सुंदर, यात शंका नाही.

१९७८ च्या जूनमध्ये लमेझर यांना एका विद्यार्थ्याचा फोन आल्याचे ते पुढे सांगत असत. खांब चुकीच्या जागी आहेत असे त्याच्या प्राध्यापकांना वाटत होते. लमेझर यांनी त्याला रचना समजावून सांगितली आणि खांब तिथेच का हवेत हे पटवले. त्याच वर्षी प्रिन्स्टन विद्यापीठात डायान हार्टली ही विद्यार्थिनी याच इमारतीवर प्रबंध लिहीत होती. कोपऱ्यावरून येणाऱ्या वाऱ्याचे गणित तिने केले, ताण जास्त येतो असे तिला दिसले, आणि तिने लमेझर यांच्या कार्यालयातील एका अभियंत्याला त्याबद्दल विचारलेही. काळजीचे कारण नाही, असे उत्तर तिला मिळाले. फोन करणारा विद्यार्थी कोण होता याबद्दल पुढे दोन वेगवेगळी नावे सांगितली गेली. पण प्रश्न विद्यार्थ्यांकडून आला, एवढे मात्र नक्की. आपल्या प्रश्नाच्या पुढे काय झाले, हे हार्टलीला कित्येक वर्षांनी दूरदर्शनवरील एका कार्यक्रमातून कळले!

फोन ठेवल्यावर लमेझर स्वतःच कोपऱ्यावरच्या वाऱ्याचे गणित करायला बसले. त्या वेळच्या न्यूयॉर्कच्या नियमांत भिंतीवर काटकोनात येणाऱ्या वाऱ्याचेच गणित सक्तीचे होते, आणि नेहमीच्या कोपऱ्यांत खांब असलेल्या इमारतीला तेवढे पुरतेही. इथे काय होते ते आपण करून पाहू.

एक चौरस तळाचे खोके घ्या. समजा बाजू २० सेंटिमीटर. आत मधोमध वजन ठेवून सगळे मिळून २ किलोग्रॅम भरेल असे करा. खाली दोऱ्याच्या रिकाम्या रिळांचे चार पाय चिकटवा, प्रथम चार कोपऱ्यांत. जमिनीपासून ४० सेंटिमीटर उंचीवर दोरा बांधून तो ताणकाट्याने आडवा ओढा. खोके घसरत असेल तर खाली गोणपाट घाला. एका बाजूला काटकोनात ओढले तर सुमारे ५०० ग्रॅमला ते कलू लागेल. कोपऱ्याच्या दिशेने ओढाल तर सुमारे ७०० ग्रॅम लागतील, कारण कलताना ते ज्या पायावर टेकते तो पाय आता मध्यापासून अधिक लांब आहे. कोपऱ्यांत पाय असलेला चौरंग तिरपा पाडणे अधिक कठीण असते.

आता तेच पाय काढून बाजूंच्या मधोमध चिकटवा. काटकोनात ओढताना पुन्हा सुमारे ५०० ग्रॅम. पण कोपऱ्याच्या दिशेने ओढताना ३५० ग्रॅमलाच खोके कलेल! शेजारच्या दोन पायांना जोडणारी रेषा मध्यापासून सातच सेंटिमीटरवर आहे हे कागदावर आकृती काढून पाहा. जे चौरंगाच्या बाबतीत खरे, ते इथे नेमके उलटे झाले.

इमारत काही खोक्यासारखी कलंडत नाही. तिथे प्रश्न तिरप्या आधारांतल्या ताणाचा असतो, पण गणित याच जातीचे आहे. कोपऱ्यावरून येणाऱ्या वाऱ्याचा रेटा १०० धरा. सदिशांच्या नियमाने त्याचे दोन घटक पडतात, दोन्ही भिंतींवर काटकोनात प्रत्येकी सुमारे ७०. वरवर पाहता प्रत्येक भिंतीवर शंभराऐवजी सत्तरच आले, म्हणजे फायदाच! पण या रचनेत प्रत्येक तिरप्या आधाराला दोन्ही घटकांचा ताण पोचतो. काही आधारांत दोन्ही ताण उलटसुलट असतात आणि सत्तरातून सत्तर जाऊन काही उरत नाही. बाकीच्यांत ते एकाच बाजूचे असतात, आणि सत्तर अधिक सत्तर होतात १४०. आठांपैकी चार आधारांत ताण चाळीस टक्क्यांनी वाढला.

लमेझर यांचा जीव एवढ्याने उडाला नसता, कारण सांगाडा भक्कम होता. पण नुकतेच त्यांना दुसरे काही समजले होते. तिरप्या आधारांचे जोड त्यांनी वेल्डिंगचे योजले होते, आणि प्रत्यक्षात ते बोल्टांचे केले गेले होते. यात लबाडी नव्हती. बोल्टांना खर्च कमी येतो आणि काटकोनी वाऱ्याला ते पुरतात, असा हिशेब करूनच कार्यालयाने मान्यता दिली होती. मात्र तो हिशेब कोपऱ्यावरच्या वाऱ्याचा नव्हता.

पुढचा हिशेब नीट वाचा, मला तो या सगळ्या प्रकरणात सर्वात शिकण्यासारखा वाटतो. वारा आधाराला ताणतो, तर इमारतीचे वजन त्याच आधाराला दाबते. दोन्ही एकमेकांविरुद्ध, म्हणून बोल्टांच्या वाट्याला फक्त वजाबाकी येते. सोयीसाठी आकडे घेऊ. वाऱ्याचा ताण १००, वजनाचा दाब ७५, बोल्टांवर उरले २५. आता वाऱ्याचा ताण १४० झाला. वजन काही वाढले नाही, ते ७५ च. उरले ६५. पंचवीसाचे पासष्ट म्हणजे १६० टक्के वाढ! लमेझर यांना मिळालेला आकडाही १६० टक्क्यांचाच होता. दोन मोठ्या संख्यांच्या वजाबाकीवर काही अवलंबून असेल तेव्हा जपावे, हे मी प्रयोगशाळेत मुलांना दरवर्षी सांगतो. वहीत उतरवून घेतात आणि विसरतात.

शहरातील जुन्या वादळांच्या नोंदी तपासल्यावर असे दिसले की, वरचा ठोकळा बंद पडला असेल तर इमारत धोक्यात आणणारे वादळ सरासरीने सोळा वर्षांतून एकदा येते. ठोकळ्याच्या यंत्रणेला वीज लागते आणि वादळात पहिली जाते ती वीजच. 'सोळा वर्षांतून एकदा' म्हणजे अजून पंधरा वर्षे निश्चिंत, असे नव्हे. दरवर्षी सोळात एक शक्यता, अगदी पहिल्या वर्षीसुद्धा.

चूक कुणाच्याच लक्षात आली नव्हती. लमेझर गप्प राहिले असते तर कदाचित कळलीही नसती. त्यांनी मालक बँकेला आणि वास्तुविशारदांना सारे सांगितले, आपली आबरू आणि व्यवसाय दोन्ही जाईल हे माहीत असून. ऑगस्टमध्ये दुरुस्ती सुरू झाली. दिवसभर कार्यालये चालत आणि कर्मचारी घरी गेले की रात्री वेल्डर येत. दोनशेहून अधिक जोडांवर पाच सेंटिमीटर जाडीच्या पोलादी पट्ट्या वेल्ड करून बसवल्या गेल्या. सप्टेंबरच्या सुरुवातीला 'एला' नावाचे चक्रीवादळ त्या किनाऱ्याच्या रोखाने येऊ लागले. आसपासचा भाग रिकामा करण्याची योजना तयार होती. सुदैवाने वादळ समुद्राकडे वळले. ऑक्टोबरपर्यंत काम पुरे झाले.

मात्र आत काम करणाऱ्या आणि शेजारी राहणाऱ्या लोकांना यातले काहीच सांगितले नव्हते. त्या सुमारास शहरातील मोठी वृत्तपत्रे संपामुळे बंद होती, त्यामुळे बातमी फुटली नाही. ती छापून आली थेट १९९५ साली. लमेझर यांनी चूक कबूल केली याचे कौतुक सर्वत्र होते आणि ते योग्यच आहे. पण ज्यांच्या डोक्यावर छप्पर धोक्यात होते त्यांना अंधारात ठेवणे मला पटत नाही. तुमचे मत वेगळे असू शकेल.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. वरच्या हिशेबात आपण वाऱ्याचा एकूण रेटा दोन्ही दिशांना सारखाच धरला. वास्तविक हवा चौरसाच्या भिंतीवरून वेगळी वळते आणि कोपऱ्यावरून वेगळी. अलीकडे काही संशोधकांनी वातबोगद्यातील मोजमापांच्या आधारे या इमारतीचा पुन्हा अभ्यास केला. कोपऱ्यावरचा वारा तेव्हा वाटला होता तितका घातक नसावा, असे त्यांना आढळले. तरीही १९७८ साली हातात असलेल्या माहितीवर दुरुस्ती टाळणे शहाणपणाचे ठरले नसते. इमारत आजही उभी आहे. फक्त नाव बदलले आहे.

हे सारे ऐकून माझा विद्यार्थी मुंबईला परतला. आठवडाभराने त्याचा फोन आला. "सर, विचारलं!" अभियंते हसले, पण त्याच्या प्रश्नाला नव्हे. त्यांनी त्याला बसवून घेतले आणि वातबोगद्यातील चाचणीची कागदपत्रे दाखवली. इमारतीची छोटी प्रतिकृती फिरत्या तबकडीवर ठेवून दर दहा अंशांनी वळवतात आणि छत्तीस दिशांचा वारा मोजतात. बैठकीतली आकृती फक्त मालकाला समजावी म्हणून काढलेली होती. आता दारांच्या तक्त्याबरोबर त्या छत्तीस दिशांचे आलेख लावून ठेवण्याचे कामही त्याच्याकडे आले आहे.

तुमच्यासाठी एक उदाहरण. वारा काटकोनाऐवजी ३० अंश तिरपा आला तर दोन घटकांची बेरीज किती होईल? आणि ती बेरीज कोणत्या कोनाला सर्वात मोठी होते? दर दहा अंशांनी गणित करून आलेख काढा. खोक्याचा प्रयोगही जरूर करा आणि तुमची वाचने संपादकांकडे पाठवा. पाय नीट चिकटवायला मात्र विसरू नका. माझे खोके पहिल्या खेपेला पाय निसटूनच पडले होते.