सायकल टांगण्यापूर्वी भिंतीची ओळख

शहरी सदनिकेत स्टँडवर उभी केलेली मोठ्या माणसाची सायकल सुमारे पावणेदोन मीटर लांब आणि हँडलपाशी साठ-सत्तर सेंटिमीटर रुंद जागा अडवते, म्हणजे एका माणसाची पथारी पसरता येईल एवढी जमीन तिच्याकडे जाते. खाली वाहनतळात ठेवावी तर पाऊस, गंज आणि चोरी यांची धास्ती असते. जिन्यात किंवा दारासमोरच्या सामाईक बोळात ठेवावी तर आगीच्या प्रसंगी शेजाऱ्यांच्या सुटकेची वाट अडते, आणि ही गोष्ट कोणत्याही सबबीखाली क्षम्य ठरत नाही. त्यामुळे सायकल घरात आणून भिंतीवर टांगण्याकडे कल वाढला आहे व तो रास्तही आहे. मात्र या कामात वारंवार घडणारी एक गफलत अशी की, विकत आणलेल्या हुकाच्या वेष्टनावर छापलेली वजनक्षमता हीच संपूर्ण व्यवस्थेची क्षमता मानली जाते. तो आकडा हुकाच्या पोलादापुरता खरा असतो. हूक ज्या भिंतीत बसवायचा तिच्याविषयी तो काहीही सांगत नाही.

सायकलचे वजन हा या प्रश्नातील तुलनेने सोपा भाग आहे. साधी गिअरची सायकल चौदा-पंधरा किलोच्या आसपास भरते, शर्यतीच्या बनावटीची हलकी सायकल आठ-दहा किलोची असते, तर कॅरिअर, स्टँड, चेनकव्हर व लोखंडी मडगार्ड असलेली पारंपरिक काळी सायकल वीस किलोच्या पुढे जाते. ही वजने भिंतीला फारशी जड नाहीत. पण ती भिंतीपासून किती अंतरावर लोंबतात यावर सगळे अवलंबून असते, कारण भार आणि अंतर यांचा गुणाकार, ज्याला यंत्रशास्त्रात आघूर्ण म्हणतात, तो हुकाला भिंतीतून बाहेर उपसण्याचे काम करतो. दोन बाहूंच्या धारकावर सायकल दांडीने आडवी टांगली असता हँडलची अर्धी रुंदी सामावण्यासाठी दांडी भिंतीपासून सुमारे पस्तीस सेंटिमीटर पुढे ठेवावी लागते. धारकाच्या पट्टीवरील वरच्या व खालच्या स्क्रूंमधील अंतर दहा सेंटिमीटर धरले, तर पंधरा किलोची सायकल वरच्या स्क्रूंना एकत्रितपणे सुमारे बावन्न किलोच्या जोराने बाहेर ओढत राहते. शिवाय सायकल ठेवताना बसणारा झटका हा जोर क्षणभर आणखी वाढवतो.

पुढचे चाक एका हुकात अडकवून सायकल उभी टांगण्याच्या पद्धतीत हे गणित बदलते. येथे मागचे चाक खाली भिंतीला टेकते आणि सायकलचा कल भिंत स्वतःच अडवून धरते, त्यामुळे हुकावर मुख्यतः सरळ खाली जाणारा भार येतो व सायकलच्या कलामुळे होणारी बाहेरची ओढ चार-पाच किलोंपुरती राहते. हूक स्वतः आठ-दहा सेंटिमीटर पुढे आलेला असल्याने त्याच्या वरच्या स्क्रूवर आणखी ओढ पडते हे खरे, तरी एकूण जोर आडव्या मांडणीच्या निम्म्याच्या आसपास असतो. या पद्धतीची किंमत वेगळ्या रूपात चुकवावी लागते: सायकल खोलीत मीटरभर पुढे येते आणि टायरचा काळा डाग भिंतीवर उमटतो, ज्यासाठी चाक टेकते तेथे एखादी पातळ फळी किंवा पत्र्याची पट्टी लावणे पुरते. अरुंद खोलीत आडवी व रुंद भिंत नसलेल्या कोपऱ्यात उभी, असा निर्णय बहुधा जागा पाहून घेतला जातो. तो भिंतीचा प्रकार पाहून घेणे अधिक शहाणपणाचे आहे.

महाराष्ट्रातील घरांच्या भिंती एकजिनसी नाहीत. जुन्या इमारतींत भाजलेल्या लाल विटेच्या भिंती आढळतात, ज्यांत बाहेरच्या भिंती नऊ इंची आणि खोल्या विभागणाऱ्या भिंती बहुधा साडेचार इंची असतात. अलीकडच्या बहुमजली बांधकामात विटेची जागा हलक्या सच्छिद्र ठोकळ्यांनी घेतली असून त्यांना एएसी ब्लॉक म्हणतात. बांधकामावरचे जुने लोक त्यांना सिपोरेक्स या नावानेही ओळखतात. १९२० च्या दशकात स्वीडनमधील वास्तुविशारद अ‍ॅक्सेल एरिक्सन यांनी विकसित केलेल्या या पदार्थात सिमेंट, चुना, वाळू किंवा राख यांच्या मिश्रणात अ‍ॅल्युमिनिअमची पूड घालून वायूचे असंख्य बुडबुडे निर्माण केले जातात व नंतर तो दाबाखालील वाफेत पक्का केला जातो. परिणामी त्याची घनता घनमीटरला ५५० ते ६५० किलोच्या घरात राहते, तर विटेची १,६०० च्या पुढे आणि काँक्रीटची २,४०० च्या आसपास असते. इमारतीवरील ओझे कमी करणे व उष्णता अडवणे या दृष्टींनी हा ठोकळा उत्तम आहे. खिळा किंवा स्क्रू धरून ठेवणे हे मात्र त्याचे बलस्थान नाही.

याचे कारण गिट्टीच्या कार्यपद्धतीत आहे. गिट्टी, जिला हार्डवेअरच्या दुकानात रॉल प्लग असेही म्हणतात, ती छिद्रात बसवून तिच्यात स्क्रू पिळला की फुगते आणि छिद्राच्या कडांवर दाब देऊन घर्षणाने अडकून राहते. आज सर्वत्र दिसणारी नायलॉनची फुगणारी गिट्टी जर्मनीतील संशोधक आर्टुर फिशर यांनी १९५८ मध्ये तयार केली. गिट्टीने दिलेल्या दाबाला भिंतीने तेवढाच प्रतिकार करावा ही या युक्तीची पूर्वअट आहे, आणि काँक्रीट व चांगली वीट ती पूर्ण करतात. सच्छिद्र ठोकळ्यात मात्र गिट्टीभोवतीचे बुडबुडे चिरडले जातात, पकड हळूहळू सैल होते आणि हे सैल होणे बाहेरून दिसत नाही.

प्रस्तुत लेखकाच्या पुण्यातील घरात हाच प्रकार घडला. दिवाणखाना व शयनगृह यांमधील हलक्या ठोकळ्यांच्या भिंतीवर बसवणाऱ्याने दोन बाहूंचा धारक साध्या गिट्ट्यांवर लावला होता आणि पहिले काही महिने तो निर्धोक वाटला. त्यानंतर पट्टीच्या खाली जमिनीलगत पांढरट भुकटीची बारीक रेघ दिसू लागली, जी रंगाचा पोपडा समजून पुसली जात होती. मग पट्टीची वरची कड भिंतीपासून नखभर सुटली. आणि अखेरीस गिट्ट्यांसह मुठीएवढा ठोकळ्याचा लचका घेऊन धारक खाली आला. स्क्रू वाकले नव्हते, बाहूही शाबूत होते. सायकलचा मागचा गिअर जिथे चौकटीला जोडलेला असतो तो लहान दुवा वाकला, एवढ्यावरच निभावले, कारण त्या वेळी खाली कोणी बसलेले नव्हते. भुकटीची रेघ आणि वर सुटलेली कड ही दोन लक्षणे त्यानंतर इतरांच्या घरीही पाहण्यात आली असून, यांपैकी एकही दिसताच सायकल त्याच दिवशी उतरवली पाहिजे.

भिंत कोणती आहे हे ओळखण्याची सर्वांत विश्वासार्ह रीत म्हणजे हुकाच्या पट्टीखाली झाकले जाईल अशा ठिकाणी सहा मिलिमीटरचे एक चाचणी-छिद्र पाडून बाहेर येणारी भुकटी पाहणे. वरचा गिलावा ओलांडल्यानंतर लाल भुकटी आली तर वीट समजावी. पांढरट-करडी, हलकी भुकटी आली आणि ड्रिल जवळजवळ विनासायास आत गेले तर सच्छिद्र ठोकळा. करडी, बारीक भुकटी येऊन ड्रिल नेट लावूनच पुढे सरकले तर काँक्रीट. राखेच्या विटेची भुकटीही करडी असते, म्हणून रंगापेक्षा ड्रिलला होणाऱ्या विरोधावर अधिक भरवसा ठेवावा. गिलाव्याची जाडी पकडीच्या हिशेबात धरू नये, कारण बारा-पंधरा मिलिमीटरचा तो थर भार घेत नाही; तसेच दोन विटांमधील सांध्यात गिट्टी बसवणे टाळावे. सच्छिद्र ठोकळ्यात ड्रिलची ठोके देणारी कळ बंद ठेवावी, अन्यथा छिद्र वाकडेतिकडे व सैल होते.

भिंत हलकी निघाली तरी निराश होण्याचे कारण नाही. बहुतेक इमारतींत खोलीच्या कोपऱ्यात काँक्रीटचा खांब किंवा छतालगत तुळई असते व तेथे धातूचे अँकर फास्टनर निर्धोकपणे बसतात, मात्र खांबाच्या अगदी कडेला ते लावू नयेत, कारण कड फुटते. हेच फास्टनर विटेत वापरल्यास त्यांच्या फुगण्याने वीट चिरते, म्हणून ‘जास्त मजबूत’ या समजुतीने ते सर्वत्र वापरणे चुकीचे आहे. खांब सोयीचा नसेल तर एक साधा उपाय फार उपयोगी पडतो: अठरा मिलिमीटर जाडीची प्लायवूडची उभी फळी, वरचे व खालचे स्क्रू साठ सेंटिमीटर अंतरावर येतील अशा रीतीने, हलक्या ठोकळ्यांसाठी मिळणाऱ्या लांब गिट्ट्यांवर पक्की करावी आणि धारक त्या फळीवर लावावा. वर सांगितलेल्या गुणाकाराला आता दहाऐवजी साठने भागले जाते, त्यामुळे भिंतीवरील बावन्न किलोंची ओढ नऊ किलोंच्या आसपास उतरते. महागड्या हुकावर खर्च करण्यापेक्षा ही फळी कितीतरी अधिक संरक्षण देते, असे या विषयातील अनुभवावरून निःसंकोच म्हणता येते.

या संदर्भात मराठी घरांतील झोपाळ्याची आठवण होणे स्वाभाविक आहे, कारण माणसांचे हलते ओझे छताला टांगण्याची ती जुनी आणि सिद्ध झालेली रीत आहे. वाड्यात झोपाळ्याच्या कड्या लाकडी तुळयांना असत आणि पुढे सिमेंटच्या घरांत त्या स्लॅब ओतण्यापूर्वीच आतल्या सळ्यांना अडकवल्या जाऊ लागल्या. भिंतीतल्या खुंट्याही बांधकाम चालू असतानाच चिणल्या जात. भार कोठे येणार हे आधी ठरवून बांधणे आणि तयार भिंतीत मागाहून छिद्र पाडणे यांत मूलभूत फरक आहे. वापरात नसलेली झोपाळ्याची कडी गंजलेली नसेल, तर सायकल टांगण्यासाठी तिच्याइतकी भरवशाची जागा घरात दुसरी सापडणार नाही.

छताला नव्याने हूक लावण्याबाबत मात्र सावधगिरीचा सूर अधिक कडक असावा. विजेच्या तारांच्या नळ्या स्लॅब ओततानाच त्यात टाकलेल्या असतात आणि त्या पंख्याच्या व दिव्यांच्या दिशेने कशाही जात असल्याने ड्रिल त्यांत घुसू शकते. वरच्या मजल्यावर न्हाणीघर असेल तर गळतीची भर पडते. पीओपीचे खोटे छत तर स्वतःलाच कसेबसे तोलून असते, त्याला काहीही टांगू नये. भिंतीतही स्विचबोर्डाच्या सरळ वर व खाली, तसेच न्हाणीघर व स्वयंपाकघर यांच्या पाठीला लागून असलेल्या पट्ट्यात छिद्र पाडू नये. अ‍ॅल्युमिनिअमच्या साच्यांत ओतलेल्या, म्हणजे बांधकाम व्यवसायात मिव्हान म्हणून ओळखल्या जाणाऱ्या घरांत प्रत्येक भिंत काँक्रीटची व इमारतीचा भार पेलणारी असते. तेथे पकड उत्तम मिळते, पण तारा-नळ्यांचे नकाशे पाहिल्याशिवाय व सोसायटीला कळवल्याशिवाय हात लावू नये.

हुकाची उंची ठरवताना सायकल उचलणाऱ्या व्यक्तीचा विचार प्रथम करावा. सायकल मागच्या चाकावर उभी करून तिची पूर्ण उंची मोजावी आणि हूक त्याहून पाच-दहा सेंटिमीटरच वर लावावा, म्हणजे सारे वजन डोक्यावर उचलावे न लागता शेवटच्या वितीपुरते उचलावे लागते. पाठीचे दुखणे असणारे, वयस्क माणसे आणि वीस किलोंहून जड सायकली यांच्यासाठी टांगण्याचा आग्रहच सोडावा. मागचे चाक जमिनीवर टेकवून सायकल उभी धरणारे स्टँड जवळपास तितकीच जागा वाचवतात. बॅटरीवर चालणारी सायकल टांगायचीच असेल तर बॅटरी आधी काढून ठेवावी. पलंग, पाळणा किंवा मुलांच्या खेळण्याची जागा यांच्या वर सायकल येऊ देऊ नये, भिंत कितीही भक्कम असली तरी.

रिमने टांगल्यास चाक वाकते ही भीती अनाठायी आहे, कारण स्वाराच्या वजनासह खड्ड्यांतून जाणारे चाक याहून कितीतरी अधिक ताण सोसते. फक्त हूक व्हॉल्व्हला टेकू नये. तेलाच्या दाबावर चालणारे ब्रेक असलेली सायकल बराच काळ उभी टांगल्यास तेलाच्या टाकीतील हवा नळीत शिरून ब्रेक मऊ लागू शकतो, म्हणून ती खाली घेतल्यावर थोडा वेळ सरळ उभी ठेवून ब्रेक अनेकदा दाबून पाहावा व त्यानंतरच रस्त्यावर न्यावी. दांडी नसलेल्या लेडीज सायकलीला आडवे टांगण्यासाठी सीट व हँडल यांमध्ये लावण्याची वेगळी आडवी नळी मिळते.

कोकण, मुंबई आणि गोव्यातील दमट, खारट हवेत साध्या लोखंडी हुकावरील रबराचे आवरण फाटले की आतून गंज चढतो, म्हणून तेथे स्टेनलेस स्टीलचे हूक व स्क्रू वापरावेत. जांभ्याच्या चिऱ्यांची भिंत जाड असली तरी चिरा भोकसर व ठिसूळ असू शकतो, तेव्हा तेथेही फळीचाच मार्ग बरा. पावसाळ्यात भिजलेली सायकल निथळल्यावरच टांगावी, कारण गिलाव्यात झिरपणारे पाणी गिट्टीभोवतीची पकड सैल करते. आणि पावसाळा संपला की सायकल उतरवून प्रत्येक स्क्रू पिळून पाहावा. जो स्क्रू पिळला असता नुसताच फिरत राहतो त्याच्या जागी मोठी गिट्टी कोंबण्यापेक्षा ते छिद्र बुजवून पट्टी नव्या, अखंड जागी हलवावी.