गुंड्यातला पीळ

आपले बाभुळगाव कापसाच्या मुलखातले. बोंड, सरकी, पेळू हे शब्द आपल्याला शिकवावे लागत नाहीत. लोकर मात्र दुकानातून येते, आणि लडीच्या रूपात आली तर विणण्यापूर्वी तिचा गुंडा करावा लागतो. एकाने दोन्ही हातांवर लड धरायची, दुसऱ्याने गुंडाळायचे. हे काम बहुधा घरातल्या शाळकरी मुलांकडेच येते. तेव्हा त्यातले पदार्थविज्ञान पाहण्याचा हक्कही तुमचाच!

एक प्रयोग करा. पेल्याच्या बुडाजवळ केसांच्या फितीचे टोक चिकटवा आणि पेला फिरवीत फितीचे दहा वेढे सपाट बसवा. आता पेला स्थिर धरून फीत त्याच्या तोंडावरून वर ओढून काढा. हातातले टोक बोटांत फिरू देऊ नका. फितीतले पीळ मोजा, दहा भरतील. पुन्हा तसेच गुंडाळा, पण या वेळी पेलाच उलट फिरवून फीत उलगडा. एकही पीळ दिसणार नाही.

असे का? पेला फिरला तर वेढा त्याच्या फिरण्याने सुटतो. पेला स्थिर राहिला तर तोच फेरा पिळाच्या रूपाने फितीत उतरतो. चरख्यावर सूत निघते ते याच नियमाने. चाते फिरताना धागा त्याच्या टोकावरून निसटतो आणि दर फेऱ्याला एक पीळ पेळूतल्या तंतूंना मिळतो. खादीच्या जुन्या हिशेबात हे सूत मग परेत्यावर घेत: 4 फुटांची एक तार, 640 तारांची एक गुंडी.

गुंड्याचा घेर 25 सेंटिमीटर धरला, तर मीटरला चारच पीळ कमीजास्त होतील. लोकरीत मुळातच पुष्कळ पीळ असल्याने तेवढ्याने बिघडत नाही. बिघडते ते ताणाने. आमच्या घरी एका स्वेटरच्या बाह्या पहिल्याच धुण्यात आखडल्या. बोल धुणाऱ्याला लागला. गुंडा घट्ट आवळणारा मी होतो! लोकरीतल्या केराटिनचे रेणू स्प्रिंगसारखे वेटोळे असतात. ताणून ठेवलेला धागा लांबलेलाच राहतो. पाणी लागले की रेणूंमधले हायड्रोजन बंध सुटतात आणि धागा मूळ लांबीकडे परततो. म्हणून गुंडाळताना दोन बोटे धाग्याखाली ठेवा, थोड्या वेढ्यांनी ती काढून घ्या आणि दिशा बदला.

उरलेली लोकर स्वच्छ, कोरडी करून बंद डब्यात ठेवा. कसरीच्या अळीला केराटिन पचते. उघड्यावर मात्र लोकर हवेतली वाफ शोषते. वजनाच्या सुमारे तिसऱ्या हिश्शाइतके पाणी पोटात घेऊनही ती हाताला ओली लागत नाही. एक गुंडा उघडाच ठेवून शाळेच्या तराजूवर मे महिन्यात आणि पुन्हा जुलैत तोलून पाहा.