परदेशी जाणाऱ्या लेकरांचा आरोग्य विमा : सार्वजनिक की खाजगी?



आपल्या वस्त्यांमधली मुले-मुली आता परदेशी शिकायला आणि कामाला जात आहेत. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. नर्स, रुग्णसेवक, इलेक्ट्रिशियन, प्लंबर, ड्रायव्हर अशा कामांचा त्यात विचार आहे. भीमाशंकरच्या पायथ्याच्या आंबेगाव-जुन्नर तालुक्यांतल्या घरांनाही पासपोर्ट, व्हिसा, जर्मन भाषेचा वर्ग हे शब्द आता परके राहिलेले नाहीत.

जाण्याची तयारी सगळे घर मिळून करते. विम्याचा कागद मात्र ते पोर एकटेच भरते. बहुतेक वेळा शेवटच्या आठवड्यात, मोबाइलवर, जो स्वस्त दिसेल तो. जर्मनीत या कागदावरची एक खूण पुढची वीस-तीस वर्षे बांधून ठेवू शकते. म्हणून या वेळी आपण हा विषय नीट समजून घेऊ.

ईएसआय माहीत आहे, मग हेही समजेल

चाकण, भोसरीच्या कारखान्यांत काम करणाऱ्या घरांना ईएसआयचे कार्ड माहीत असते. महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या कामगाराच्या पगारातून ०.७५ टक्के कापले जातात, मालक ३.२५ टक्के भरतो, आणि कामगारासह कुटुंबाचा औषधोपचार होतो. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. त्याच काळात प्रा. बी. पी. आदारकर यांच्याकडे कामगारांच्या आरोग्य विम्याचा अभ्यास सोपवला गेला. त्यांचा अहवाल १९४४ साली आला आणि १९४८ साली ईएसआयचा कायदा झाला.

जर्मनीत अशी व्यवस्था १८८३ सालापासून आहे. तिथे तिला ‘क्रांकेनकासे’ म्हणतात, म्हणजे आजारपणाचा फंड. असे अनेक फंड आहेत. ते कायद्याने चालतात, नफ्यासाठी नाही. फरक एवढाच, की ईएसआय ठरावीक पगाराच्या आतल्या कामगारांपुरता आहे, आणि तिथे देशातले दहापैकी जवळजवळ नऊ लोक या सार्वजनिक विम्यात आहेत.

पगारातून किती जातात?

२०२५ सालचे दर पाहू. मूळ वर्गणी पगाराच्या १४.६ टक्के. त्यावर फंडाची जादा वर्गणी, सरासरी २.५ टक्के. एकूण १७.१ टक्के. यातले निम्मे मालक भरतो, निम्मे कामगार.

समजा, आपली मुलगी तिथे नर्स आहे आणि तिचा पगार महिना ३,००० युरो आहे. तिच्या पगारातून ८.५५ टक्के, म्हणजे २५६.५० युरो जातील. मालकही तेवढेच भरेल. याशिवाय म्हातारपणी किंवा अंथरुणाला खिळल्यावर लागणाऱ्या सेवेचा वेगळा विमा सक्तीचा आहे. मूल नसलेल्या, २३ वर्षांवरच्या व्यक्तीला त्यासाठी २.४ टक्के, म्हणजे ७२ युरो भरावे लागतात. दोन्ही मिळून ३२८.५० युरो.

ही रक्कम पाहून पोर फोनवर म्हणते, “आई, इथे कटिंग फार होते.” पण त्या कटिंगमध्ये काय मिळते तेही पाहा. डॉक्टरकडे गेल्यावर कार्ड दाखवायचे, बिल भरायचे नाही. औषधाच्या प्रत्येक चिठ्ठीवरच्या औषधामागे साधारण ५ ते १० युरो स्वतःचे. दवाखान्यात ॲडमिट झाल्यास दिवसाला १० युरो, तेही वर्षात जास्तीत जास्त २८ दिवस. आजारी पडल्यास पहिले सहा आठवडे मालक पूर्ण पगार देतो. त्यानंतर फंडाकडून पगाराच्या साधारण ७० टक्के आजारभत्ता मिळतो. एकाच आजारासाठी तीन वर्षांत कमाल ७८ आठवड्यांची ही सोय आहे. रोजंदारीवर जगलेल्या घराला याचा अर्थ वेगळा सांगायला नको. आपल्याकडे आजारपण आधी रोज खाते, मग औषधाचा खर्च येतो.

निर्णय कुणाच्या हातात असतो?

सगळ्यांना निवड नसते. वरच्या उदाहरणातल्या नर्सला नाही. २०२५ मध्ये वर्षाला ७३,८०० युरोपेक्षा कमी पगार असलेल्या नोकरदाराला सार्वजनिक विमा सक्तीचा होता. ही मर्यादा दर जानेवारीत बदलते. निवड करावी लागते ती मुख्यतः तीन जणांना.

पहिला, विद्यार्थी. वय ३० च्या आत असेल तर त्याला विद्यार्थी दराने सार्वजनिक विमा मिळतो. २०२५ मध्ये तो महिना साधारण १४० ते १५० युरो पडत होता. नको असेल तर पहिल्या तीन महिन्यांत लेखी सूट घेऊन खाजगी विमा काढता येतो. पण ती सूट एकदा घेतली की शिक्षण संपेपर्यंत मागे घेता येत नाही. चार महिन्यांनी पोटाचे ऑपरेशन निघाले आणि खाजगी कंपनी नियमावर बोट ठेवू लागली, तरी परत फिरता येत नाही.

दुसरा, मोठ्या पगाराचा नोकरदार, उदाहरणार्थ आयटी इंजिनिअर. मर्यादेच्या वर पगार असेल तर तो सार्वजनिक विम्यात राहू शकतो किंवा खाजगीत जाऊ शकतो.

तिसरा, स्वतःचा धंदा करणारा.

आपल्या मुलांबाबत आणखी एक गोष्ट महत्त्वाची. घरची जबाबदारी, नोकरी करता करता शिक्षण, यामुळे आपल्याकडे अनेकजण तिशी ओलांडल्यावर परदेशी शिकायला जातात. त्या वयात विद्यार्थी दराचा सार्वजनिक विमा सहसा मिळत नाही. अशांनी निघण्यापूर्वीच विद्यापीठाला पत्र लिहून कोणता विमा चालेल ते विचारावे. पुढे मर्यादेखालची नोकरी लागली की ते सार्वजनिक विम्यात येतात.

खाजगी स्वस्त का दिसतो?

खाजगी कंपनी पगार पाहत नाही. ती वय आणि तब्येत पाहते. पंचवीस वर्षांचा, धडधाकट, एकटा मुलगा तिला हवाच असतो. म्हणून त्याला हप्ता कमी. काही ठिकाणी डॉक्टरची वेळ लवकर मिळते, दवाखान्यात वेगळी खोली मिळते. हे खोटे नाही. पण चार फरक ध्यानात ठेवा.

एक, कुटुंब. सार्वजनिक विम्यात तिथेच राहणारा, कमाई नसलेला नवरा किंवा बायको आणि मुले वेगळी वर्गणी न भरता येतात. खाजगीत प्रत्येक माणसाचा हप्ता वेगळा. एकट्याला स्वस्त पडलेला विमा लग्न आणि दोन मुले झाल्यावर महाग होतो.

दोन, जुना आजार. सार्वजनिक फंड आजारपणामुळे कुणाला नाकारत नाही, जास्त वर्गणीही लावत नाही. खाजगी कंपनी आधी प्रश्नावली भरून घेते. मधुमेह, दमा, पूर्वी झालेला टीबी, सिकलसेल, सगळे विचारते. विदर्भातल्या आपल्या अनेक कुटुंबांत सिकलसेल आहे. तिथे सोयरिक असलेल्या घरांनी हे विशेष लक्षात घ्यावे. आजार सांगितला तर हप्ता वाढतो किंवा नकार येतो. लपवला आणि पुढे उघड झाला, तर ऐन गरजेच्या वेळी करार रद्द होऊ शकतो. म्हणून लपवू नये.

तीन, बिल. खाजगीत बहुतेक वेळा डॉक्टरचे बिल आधी आपण भरायचे आणि मग कंपनीकडून मागायचे. हाताशी शिल्लक नसलेल्या विद्यार्थ्याला हे जड जाते.

चार, परतीचा दरवाजा. खाजगीत गेलेल्या नोकरदाराला मनात आले म्हणून परत येता येत नाही. पगार मर्यादेखाली आला तरच सहसा वाट उघडते. आणि वयाची ५५ वर्षे झाल्यावर ती जवळजवळ बंद होते. तरुणपणी वाचवलेले युरो उतारवयात वाढलेल्या हप्त्यात जातात, आणि तेव्हा कमाई कमी झालेली असते.

मग खाजगी कुणाला ठीक? पगार मोठा, तब्येत चांगली, माणूस एकटा आणि दोन-तीन वर्षांत परत येण्याचे पक्के, अशाला. बाकीच्यांनी, विशेषतः ज्यांना तिथे संसार मांडायचा आहे त्यांनी, सार्वजनिक विमा सोडण्यापूर्वी दहादा विचार करावा. पहिल्या महिन्याच्या हप्त्यावर नव्हे, तर पुढच्या आयुष्याच्या हिशेबावर हा निर्णय घ्यायचा असतो.

दुसऱ्या देशांत

ब्रिटनमध्ये हा प्रश्न वेगळ्या रीतीने सुटतो. सहा महिन्यांहून मोठ्या व्हिसासोबत आरोग्य अधिभार आधीच भरावा लागतो. फेब्रुवारी २०२४ पासून तो वर्षाला १,०३५ पौंड आहे, विद्यार्थ्यांना ७७६ पौंड. मग सरकारी आरोग्यसेवा मिळते. आरोग्यसेवक व्हिसावर जाणाऱ्या नर्सला हा अधिभार माफ आहे.

आखातात, संयुक्त अरब अमिरातीत, १ जानेवारी २०२५ पासून सर्व अमिरातींत खाजगी कामगारांचा आरोग्य विमा मालकाने काढणे बंधनकारक आहे. त्याचे पैसे पगारातून कापू देऊ नका. दहावी न झालेल्यांच्या ‘ईसीआर’ पासपोर्टवर आखातात कामाला जाताना प्रवासी भारतीय विमा योजना सक्तीची असते. तिच्यात अपघाती मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व आल्यास १० लाख रुपये मिळतात. पण रोजच्या आजारपणासाठी ती पुरेशी नाही. दोन्ही कागद हवेत.

गावी राहिलेल्यांचे काय?

जर्मनीतल्या मुलीच्या कुटुंब विम्यात मंचरला राहणारे आई-वडील बसत नाहीत. त्यांच्यासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. तिच्यात आता कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत उपचार मिळतात. रेशन कार्ड आणि आधार नीट आहे ना, ते पोर निघण्यापूर्वीच पाहून घ्या. मुलगी सुट्टीवर गावी आली, तर तिचे जर्मन कार्डही इथे चालत नाही. येताना प्रवासाचा आरोग्य विमा काढावा.

जुन्नरच्या मानमोडी डोंगरावर ‘भीमाशंकर’ या नावाने ओळखला जाणारा बौद्ध लेणीसमूह आहे. जुन्नरच्या शिलालेखांत इरिल नावाच्या एका यवनाने, म्हणजे परदेशी माणसाने, दोन पोढी, म्हणजे पाण्याची दोन टाकी, दान केल्याची नोंद आहे. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीनेही लेणे आणि पोढी दिली. परक्या मुलखात आलेला माणूसही तिथल्या सामाईक पाण्यात आपली भर घालू शकतो, हे आपल्या डोंगराला जुने आहे. सार्वजनिक विमा ही तशीच सामाईक टाकी. आज धडधाकट असलेला भरतो, आज आजारी असलेला घेतो, आणि पाळी कधी बदलेल ते कुणाला सांगता येत नाही.

निघण्यापूर्वी घरात बसून विचारा

१. मला तिथे सार्वजनिक विमा सक्तीचा आहे, ऐच्छिक आहे, की मिळतच नाही?
२. शिष्यवृत्तीत विम्याचा खर्च धरला आहे का? कोणता?
३. नकाराच्या कागदावर सही केली तर परत येता येईल का? कधीपर्यंत?
४. पाच वर्षांनी मी एकटा असेन की कुटुंबासह?
५. घरात कोणता आजार आहे? त्याचे जुने रिपोर्ट सोबत घेतले का?

या पाचांची उत्तरे वहीत लिहून काढा. ज्याचे उत्तर मिळत नाही, ते विद्यापीठाला किंवा मालकाला ई-मेलने विचारा आणि आलेले उत्तर जपून ठेवा. विहारात एखादी मुलगी परदेशी जायला निघाली असेल, तर हे पान तिला वाचायला द्या. सहीपूर्वी विचारलेला प्रश्न फुकट असतो.