लिपी, ढोल आणि मूठभर तांदूळ : मिझो चर्चच्या वाढीकडे भाषेच्या अंगाने पाहताना

धर्मप्रसाराचा विषय आपण बहुधा इतिहासाच्या अभ्यासकांवर सोपवतो. गोव्यात ‘ख्रिस्तपुराण’ शिकवताना मला मात्र तो भाषेचाही विषय वाटत आला आहे. त्या दृष्टीने मिझो चर्चची वाढ अभ्यासण्यासारखी आहे.

जे. एच. लॉरेन आणि एफ. डब्ल्यू. सॅव्हिज हे इंग्रज मिशनरी जानेवारी १८९४ मध्ये लुशाई टेकड्यांत, म्हणजे आजच्या मिझोरममध्ये पोचले. मिझो भाषेला तेव्हा लिपी नव्हती. त्यांनी रोमन अक्षरांतून वर्णमाला बसवली, शाळा काढली आणि शुभवर्तमानाच्या भाषांतराला हात घातला. १८९७ अखेर ते परतले. पहिले बाप्तिस्मे झाले ते १८९९ मध्ये, वेल्श मिशनचे डी. ई. जोन्स यांच्या काळात. अक्षरे आधी आली, अनुयायी नंतर. ईश्वरासाठी ‘पाथिअन’ हा मिझोंचा जुनाच शब्द स्वीकारला गेला. १६१६ मध्ये फादर स्टीफन्स यांनी स्वर्गाला ‘वैकुंठ’ म्हटले, त्याची इथे आठवण होते.

तरीही केवळ लिपीने चर्च वाढले, असे म्हणता येत नाही. सुरुवातीची गीते बहुतांशी परक्या चालींवरची भाषांतरे होती. ‘खुआंग’ हा मिझो ढोल तांदळाच्या दारूच्या मेजवान्यांशी जोडलेला, म्हणून तो उपासनेबाहेर राहिला. १९०६ मध्ये धार्मिक जागृतीची पहिली लाट आली. पाठोपाठ १९०८ च्या सुमारास ‘पुमा झाय’ हे लौकिक गाणे गावोगाव पसरले. गाणाऱ्या समाजाने दिलेले ते उत्तरच होते. १९१९ च्या जागृतीनंतर पातेआसारख्या मिझो गीतकारांनी स्वतःच्या चालींत भक्तिगीते रचली आणि ढोल चर्चमध्ये आला. चर्च मिझोंचे झाले ते या टप्प्यावर, असे माझे मत आहे. ना. वा. टिळकांनी अभंगाच्या वळणाने ख्रिस्तगीते लिहिली, त्यामागची गरज हीच होती.

या वाढीला आधार घरांनी दिला. स्वयंपाकासाठी तांदूळ घेताना गृहिणी त्यातली एक मूठ चर्चसाठी बाजूला काढते. १९१० च्या सुमारास सुरू झालेली ही ‘बुहफाय थाम’ची प्रथा आजही चालू आहे आणि तिच्यातून चर्चच्या कामाला मोठा निधी मिळतो. २०११ च्या जनगणनेत मिझोरममध्ये ख्रिस्ती लोकसंख्या सुमारे ८७ टक्के आणि साक्षरता ९१ टक्क्यांहून अधिक होती.

विद्यार्थ्यांपुढे याची दुसरी बाजूही मांडली पाहिजे. काय लिहून ठेवायचे, हे आरंभी मोठ्या प्रमाणात मिशनरींनी ठरवले. जुने विधी, सण आणि ‘झॉलबुक’ ही तरुणांची सामूहिक निवासाची संस्था मागे पडली. ढोल परतला, पण त्याच्याभोवतीचे जुने जग परतले नाही. साक्षरतेचा लाभ आणि स्मृतीचा तोटा एकाच हिशेबात मांडावे लागतात.

महाराष्ट्राबाहेर मराठी शिकवणाऱ्या आपल्यासारख्यांना यातून एक व्यावहारिक प्रश्न मिळतो. शाळा आणि अनुदान हवेच. पण आपल्या गावात आज मराठीत नवे गाणे कोण रचते आहे आणि भाषेसाठी रोजची मूठ कोणत्या घरातून निघते आहे? पुढच्या वर्षी विद्यार्थ्यांना प्रकल्प देताना सुरुवात याच दोन प्रश्नांनी करावी, असे मी सुचवतो.