खलाशाचे लालभडक रक्त

वैशाखात पेणहून रोह्याला एस. टी.ने जाताना चेहरा लालबुंद होतो ना? १८४० साली जावा बेटावरील बंदरात, डच जहाजावरील जर्मन डॉक्टर युलियस रॉबर्ट मायर याने तत्कालीन रिवाजानुसार आजारी खलाशाची शीर उघडली. रक्त इतके लालभडक, की चुकून धमनीच कापली की काय, म्हणून तो दचकला!

शीरच होती. उष्ण हवेत शरीराला ज्वलन कमी पुरते, म्हणून शिरेतल्या रक्तात प्राणवायू उरतो, असे त्याने मानले. (मुख्य कारण आपल्या लाल चेहऱ्याचेच: त्वचेकडे वाढलेला रक्तप्रवाह.) पण त्यातून पुढे सुचले ते मोलाचे. अन्नाच्या ज्वलनातूनच ऊब आणि श्रम दोन्ही मिळतात, तर दोहोंचा हिशेब एकच हवा. १८४२ साली त्याने तो मांडला: पाणी १ अंश सेल्सिअसने तापवणारी उष्णता म्हणजे तेवढेच वजन सुमारे ३६५ मीटरवरून पडण्याचे कार्य. आजचा आकडा सुमारे ४२७ मीटर आहे.