मुख्य दाराची राखण

उद्दिष्टे

हा पाठ वाचल्यानंतर तुम्ही
• चौकट, बिजागरी, कडी-कोयंडा आणि कुलूप यांचा परस्परसंबंध सांगू शकाल;
• कुलपांच्या दोन मुख्य प्रकारांतील फरक स्पष्ट करू शकाल;
• घरातील माणसांच्या गरजा ध्यानात घेऊन दाराचे सामान निवडू शकाल.

मूळ पाठ

घराच्या मुख्य दाराला दोन कामे करावी लागतात. नको असलेल्या माणसाला ते बाहेर थोपवते आणि घरातल्या माणसांना हवे तेव्हा बाहेर पडू देते. कुलूप विकत घेताना बहुतेकांचे लक्ष पहिल्या कामाकडेच असते. दुसऱ्या कामाची आठवण पुष्कळदा संकट ओढवल्यावरच होते.

जुन्या वाड्यांत रात्रीची भिस्त कुलपापेक्षा अडसरावर असे. दार मिटले की त्याच्यामागे एक जाड लाकडी दांडा आडवा सरकवीत. त्याची टोके भिंतीतील खोबणींत बसत. त्यामुळे बाहेरून दिलेला धक्का अडसरामार्फत थेट भिंतीवर जाई. धक्का अखेर कोण झेलणार, हा प्रश्न आजच्या दारापुढेही तसाच आहे.

चौकटीपासून सुरुवात

दार फोडणारा माणूस बहुधा कुलपाशी झगडत बसत नाही. तो कोयंडा उचकटतो किंवा दाराला खांदा देतो. म्हणून पारख कुलपापासून नव्हे, तर चौकटीपासून सुरू करावी. चौकट भिंतीत लोखंडी पट्ट्यांनी पक्की रोवलेली असावी. तिच्या आणि भिंतीच्या मध्ये फट पडली असेल, तर महागडे कुलूपही व्यर्थ ठरते. दाराची फळी भरीव असावी. पोकळ फळी आतील खोल्यांना चालते. मुख्य दाराला ती पुरत नाही. जड दाराला तीन बिजागऱ्या बसवाव्यात आणि त्यांचे स्क्रू चौकटीच्या लाकडात खोलवर जातील इतके लांब घ्यावेत.

कडी-कोयंड्याबाबत एक साधी कसोटी आहे. दार बंद करून बाहेर उभे राहावे आणि एखादा स्क्रू नजरेस पडतो का, ते पाहावे. जो स्क्रू मालकाला दिसतो, तो चोरालाही दिसतो. कडी लावल्यावर स्क्रू झाकले जातील अशी रचना निवडावी किंवा आरपार बोल्ट घालून त्याचे नट आतून आवळावेत. दुकानात ज्याला अल्ड्रॉप म्हणतात, ती आडवी सरकती कडीही अशीच पक्की बसवून घ्यावी.

कुलपाच्या पोटात

कुलपांचे दोन प्रकार सर्वत्र आढळतात. पहिल्या प्रकारात धातूच्या पातळ तरफा असतात. किल्लीचे दाते प्रत्येक तरफ नेमक्या उंचीपर्यंत उचलतात, तेव्हाच कुलपाची जीभ सरकते. एखादी तरफ कमी किंवा जास्त उचलली गेली, तरी कुलूप उघडत नाही. अशा कुलपाचे पेटंट इंग्लंडमध्ये रॉबर्ट बॅरन याने 1778 साली घेतले. दुसऱ्या प्रकारात लहान लहान पिना स्प्रिंगच्या दाबाखाली बसवलेल्या असतात. योग्य किल्लीने त्या सर्व एका रेषेत आल्या, की आतील नळी फिरते. सपाट किल्लीच्या या कुलपाला आजचे रूप अमेरिकेतील धाकट्या लायनस येल याने 1860 नंतरच्या दशकात दिले.

भारतात आर्देशर गोदरेज यांनी 1897 साली मुंबईत कुलपे तयार करण्यास प्रारंभ केला. उत्तर प्रदेशातील अलीगढ आणि तमिळनाडूतील दिंडिगुल ही गावेही कुलपांसाठी प्रसिद्ध आहेत. दिंडिगुलच्या कुलपाला 2019 साली भौगोलिक मानांकन मिळाले.

मुख्य दाराला फळीच्या जाडीत बसणारे मॉर्टिस कुलूप चांगले. मात्र त्यासाठी फळी कोरावी लागते आणि तेवढी जागा कमकुवत होते. म्हणून हे काम कुशल सुताराकडूनच करून घ्यावे. कुलपाची जीभ चौकटीवरील ज्या पट्टीत शिरते, ती पट्टीही जाड व लांब स्क्रूंनी जखडलेली असावी. समुद्रकाठच्या खाऱ्या हवेत साध्या लोखंडाला लवकर गंज चढतो; तेथे पितळ किंवा स्टेनलेस स्टीलचे सामान घ्यावे. भाड्याच्या किंवा जुन्या घरात राहायला जाताना, परवानगी घेऊन, कुलूप बदलावे. कारण आधीच्या किल्ल्या किती जणांकडे आहेत, हे कोणालाच ठाऊक नसते.

आतल्या माणसांसाठी

आता दाराचे दुसरे काम. रात्री धूर कोंडला, दिवे गेले आणि किल्ली सापडेना, तर तेच भक्कम दार घरच्यांचा मार्ग अडवते. दिल्लीतील उपहार चित्रपटगृहाला 13 जून 1997 रोजी लागलेल्या आगीत 59 जणांचा मृत्यू झाला. बाहेर पडण्याच्या वाटा अडलेल्या असल्यामुळे अनेकांना सुटका करून घेता आली नाही. घराच्या दारालाही हाच धडा लागू होतो. मुख्य दाराचे कुलूप आतून किल्लीशिवाय, नुसती मूठ किंवा खिट्टी फिरवून उघडता यावे. घरातील वृद्धांचा हात पोहोचेल अशा उंचीवर कडी असावी. मुले लहान असतील, तर बाहेरून चालणारी किल्ली विश्वासू शेजाऱ्याकडे ठेवावी. मुले किंवा आजारी माणूस घरात असताना बाहेरून कुलूप लावून कामावर जाणे, ही सवय तर कटाक्षाने टाळावी.

कुलूप किती किमतीचे आहे, यावरून दाराची पारख होत नाही. बाहेरच्याला ते किती वेळ रोखते आणि आतल्या सर्वांत दुबळ्या माणसाला ते अंधारात उघडता येते का, या दोन प्रश्नांची उत्तरे समाधानकारक असतील, तरच दार चांगले.

शब्दार्थ

अडसर – दारामागे आडवा घालण्याचा दांडा
कोयंडा – कडी अडकवण्यासाठी बसवलेले लोखंडी कडे
खोबण – वस्तू बसवण्यासाठी कोरलेली जागा
भिस्त – भरवसा

पाठगत प्रश्न

1. जुन्या वाड्यातील अडसर बाहेरचा धक्का कसा पेलत असे?
2. ‘जो स्क्रू मालकाला दिसतो, तो चोरालाही दिसतो’ या विधानाचा अर्थ स्पष्ट करा.
3. दाराची दोन कामे एकमेकांच्या आड केव्हा येतात?

उपक्रम

आपल्या घराचे दार रात्री दिवा न लावता आतून उघडून पाहा. घरातील प्रत्येकाला ते उघडता येते का, याची नोंद करा.