झाकण उघडण्याआधी लॉग उघडा

सर्व्हर बंद पडला की पलीकडे माणसं खोळंबतात. कुणाचे पैसे अडकतात, कुणाचा तपासणी अहवाल. घाईत हात आधी स्क्रू ड्रायव्हरकडे जातो. सर्व्हर रूममधल्या कामाने मला मात्र एक गोष्ट पक्की शिकवली: मशीनने आपल्या दुखण्याची नोंद बहुतेक वेळा आधीच करून ठेवलेली असते. ती वाचायची कशी, याचे हे धडे.

१. गाडी कुठे अडली ते बघा.
पॉवर दिल्यावर सर्व्हर स्वतःची तपासणी करतो, तिला ‘पोस्ट’ म्हणतात. प्रोसेसर, मेमरी, पीसीआय कार्डं आणि मग बूट डिस्क, असा साधारण क्रम. पंखे फिरताहेत पण स्क्रीन काळीच, तर संशय आधी प्रोसेसर-मेमरीवर. कंपनीचा लोगो आला आणि बूट डिस्क सापडत नाही, तर रेड कंट्रोलर, केबल, डिस्क तपासा. बोर्डवरचा दोन आकडी कोड किंवा बीपचा अर्थ त्याच मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये पाहा; प्रत्येक कंपनीची खूण वेगळी.

२. पोस्ट पास म्हणजे मशीन ठणठणीत, असं नव्हे.
ही तपासणी धावती असते. फास्ट बूट चालू असेल तर मेमरीची लांबलचक चाचणी टाळलीच जाते. मशीन तापल्यावर, लोड चढल्यावर उमटणारा दोष इथे सापडत नाही. मेमरीवर संशय असेल तर मेमटेस्ट रात्रभर चालू ठेवा.

३. ऑपरेटिंग सिस्टीम गेली तरी बीएमसी जागी असते.
मदरबोर्डवरची ही वेगळी चिप स्टँडबाय पॉवरवर चालते. डेलच्या मशीनमध्ये तिला आयड्रॅक म्हणतात, एचपीईच्या (पूर्वीच्या एचपीच्या) मशीनमध्ये आयएलओ. इंटेल, डेल, एचपी आणि एनईसी यांनी १९९८ मध्ये आणलेल्या आयपीएमआय मानकामुळे तापमान, व्होल्टेज, पंखे, मेमरी यांच्या घटना सिस्टीम इव्हेंट लॉगमध्ये साठतात. सर्व्हर हँग झाला असला तरी नेटवर्कवरून तो लॉग वाचता येतो.

४. आधी घड्याळ जुळवा.
बीएमसीचं घड्याळ ऑपरेटिंग सिस्टीमपेक्षा वेगळं चालू शकतं. ते यूटीसीवर असेल तर आपल्या वेळेत साडेपाच तासांचा फरक पडतो आणि रात्रीचा बिघाड संध्याकाळचा वाटतो. नोंदीवर १९७० सालची तारीख दिसली तर त्या वेळी घड्याळ लागलेलंच नव्हतं. अशा नोंदींत तारखेपेक्षा क्रम महत्त्वाचा.

५. शेवटची नव्हे, पहिली नोंद शोधा.
शेवटी लिहिलेलं असतं, ‘प्रोसेसर तापला, मशीन बंद’. चार ओळी वर गेलं की एका पंख्याचा वेग घसरलेला दिसतो. बदलायचा आहे पंखा, प्रोसेसर नव्हे. तसंच दोन्ही पॉवर सप्लायचा इनपुट एकाच क्षणी गेला, तर दोन्ही एकदम जळाले असं मानण्याआधी ते एकाच पीडीयूवर, म्हणजे रॅकमधल्या वीज वाटणाऱ्या एकाच पट्टीवर, लावलेत का ते पाहा.

६. दुरुस्त झालेल्या चुकाही गंभीरपणे घ्या.
सर्व्हरची ईसीसी मेमरी साधारणपणे एका बिटाची चूक स्वतः सुधारते, दोन बिटांची फक्त ओळखते. म्हणून ‘करेक्टेबल एरर’ वाचून लोक पुढे जातात. गूगलच्या सर्व्हरवरचा २००९ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की वर्षाला ८ टक्क्यांहून अधिक मेमरी मॉड्यूलमध्ये चुका आढळल्या, आणि सुधारता येणाऱ्या चुका दिसलेल्या मॉड्यूलमध्ये पुढे न सुधारता येणारी चूक होण्याचा धोका कितीतरी वाढतो. एकाच स्लॉटचं नाव पुन्हा पुन्हा येऊ लागलं, की मशीन बंद करायची वेळ आपण ठरवावी. ती मशीनवर सोडू नये.

७. भाग बदलण्याआधी जागा बदला.
लॉग ए१ स्लॉटकडे बोट दाखवतो, तेव्हा तिथलं मॉड्यूल बी१ मध्ये लावा आणि बी१ चं ए१ मध्ये. चूक मॉड्यूलबरोबर सरकली, तर मॉड्यूल खराब. ए१ मध्येच राहिली, तर स्लॉट, सॉकेटच्या पिना, प्रोसेसरमधला मेमरी कंट्रोलर तपासायचा. एका वेळी एकच बदल करा. दोन केले की कशाने फरक पडला ते कळत नाही.

८. पुसण्याआधी जतन करा.
सिस्टीम इव्हेंट लॉग लहान असतो, आणि भरला की अनेक मशीन नव्या नोंदी घेणंच थांबवतात. म्हणून तो वेळोवेळी रिकामा करावा लागतो, पण आधी फाइलमध्ये उतरवून. दुरुस्तीनंतर कोणता स्लॉट, कोणत्या सीरियल नंबरचा भाग, कोणत्या नोंदीवरून बदलला, हे त्या फाइलसोबत लिहा. पुढच्या वेळी मध्यरात्री त्याच मशीनपुढे दुसरा कुणी इंजिनिअर उभा असेल. त्याला अंदाज नको, पुरावा हवा असतो, आणि तो त्याच्यासाठी ठेवणं हा दुरुस्तीचाच भाग आहे.